शरीराचा फासा

मी एक फासा. पण सोंगट्यांच्या पटावरचा गुळगुळीत, हस्तिदंती फासा डोळ्यांपुढे आणू नका. मी सागवानी आहे, चांगल्या मोठ्या आवळ्यापेक्षाही मोठा, आणि माझे कोपरे एकसारखे नाहीत. माझ्या सहा बाजूंवर तापल्या खिळ्यानं डागून ठिपके काढले आहेत. मला शरीराचा फासा म्हणतात. हे नाव मला का पडलं, तेवढं सांगायला तोंड उघडलं आहे. एरवी माझ्यासारख्यानं नुसतं पडायचं असतं.

नंदुरबारजवळच्या कोरीट गावात भाईदास नानांचं घर आहे. घरामागे पपईचा बाग, पुढं मोठा ओटा. पुढच्या खोलीत एक लाकडी खाट होती. त्या खाटेच्या पायातलं लाकूड म्हणजे मी. नानांचा मुलगा भूपेंद्र त्याच खाटेवर लहानाचा मोठा झाला. झोपेत लाथा मारायची त्याला सवय होती. माझ्या अंगावर त्याच्या टाचेचे किती तरी तडाखे बसले असतील. तेव्हा त्रास वाटायचा.

मग तो पुण्याला इंजिनियर व्हायला गेला, तिथंच नोकरीला लागला. एका वर्षी सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा पाहायला म्हणून मित्राच्या मोटरसायकलवर मागे बसून निघाला आणि धुळ्याच्या अलीकडे रस्त्यात उभ्या असलेल्या ट्रॉलीवर गाडी गेली. मित्राचं मनगट मोडलं, ते जुळून आलं. भूपेंद्रची मान मोडली. छातीखालचं शरीर त्याचं असून त्याला कळेनासं झालं. हात वर उचलता येत, पण बोटांत पकड राहिली नाही.

तो घरी आला तेव्हा त्याच्यासोबत लोखंडी खाट आली. डोक्याकडची बाजू वर-खाली करायला तिला दांडा होता आणि वर हवेची गादी. गादीचा पंप विजेवर चालायचा, सारखी घरघर. आमची लाकडी खाट सोडवली, नवार गुंडाळली आणि आम्हाला त्याच खोलीच्या माळ्यावर टाकलं. पुढचं सगळं मी तिथूनच ऐकलं.

पडून राहिलेल्या माणसाचं एक काम असतं, ते त्याला स्वतःला करता येत नाही. त्याची कूस बदलावी लागते. आपण सगळे झोपेतही वळतो, कुणी सांगावं लागत नाही. ज्याला वळता येत नाही आणि टोचलेलं कळत नाही, त्याच्या हाडावरची कातडी आतल्या आत मरायला लागते. म्हणून भूपेंद्रची आई दगूबाई आणि धाकटी बहीण काजल दिवसरात्र पाळी लावून त्याला वळवत. काजल तेव्हा नंदुरबारच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकत होती. शेवटचं वर्ष तिनं निम्मं घरूनच केलं.

पुण्याच्या मित्रांनी त्याला एक व्हीआर हेडसेट पाठवला. डोळ्यांवर चढवायचा जाड चष्माच तो. तो लावला की माणूस डोंगरावर उभा राही, समुद्रात पोहत असे, परदेशातल्या रस्त्यांतून चाले. पहिल्या दिवशी भूपेंद्र तो लावून हसला. अपघातानंतर या घरात तो पहिल्यांदा हसला होता. दगूबाई स्वयंपाकघरातून पळत आली आणि दारात उभी बघत राहिली.

तिथंच चूक झाली, आणि ती एकट्या कुणाची नव्हती. तो दिवसच्या दिवस आत राहू लागला. दगूबाई येऊन म्हणे, "भाऊ, कूस बदलनी शे रे."

"थांब ना माय. चढी ऱ्हायनू आते. वर जाईसन थांबस, मंग बदल."

"चढ मंग," असं म्हणून ती परत जाई. चढणाऱ्या मुलाला कोणती आई खाली ओढेल?

तो शिखरावर होता आणि त्याच्या माकडहाडावरची कातडी काळी पडत होती. त्याला कळलं नाही. वास आला, ताप चढला, तेव्हा सगळ्यांना कळलं. आधी नंदुरबारला नेलं, मग सुरतला. जखम हाडापर्यंत गेली होती. तिथं मलमपट्टी चालू असताना नाना आत गेले, मुलाच्या पाठीत ते पांढरं हाड त्यांनी पाहिलं आणि जागच्या जागी कोसळले. डॉक्टरांनी मांडीची कातडी काढून पाठीवर लावली. मुलगा वाचला, पण नाना त्या दिवसापासून त्याला शिवले नाहीत. कूस बदलायची वेळ झाली की ते उठून ओट्यावर जात. घरात सगळ्यांना हे ठाऊक होतं. कुणी बोलत नसे.

घरी आल्यावर काजलनं हेडसेट लोखंडी कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि चावी गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात अडकवली.

"आते चावी मन्हाकडे ऱ्हाई," ती म्हणाली.

"तू जेलर शे का मन्ही?"

"हां. तसंच समज."

त्यानंतर भूपेंद्र बोलायचा थांबला. छताकडे बघत राहायचा. माळा त्याच्या डोळ्यांसमोर होता, त्यामुळे तो माझ्याकडेच बघतोय असं मला वाटे. आम्ही दोघेही तसेच पडलेलो. मिरच्या वाळवायचे दिवस होते, वारा सुटला की वाळवणाच्या पथारीवरचा तिखट ठसका घरात घुसे आणि सगळे खोकत. त्याला खोकताही नीट येत नसे. काजल त्याच्या छातीवर तळवा दाबून त्याला खोकायला मदत करी, आणि तो तिच्याकडे न बघता खोके.

त्याचा लहानपणचा मित्र ललित धानोऱ्याला मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. एका रविवारी तो एक जाडजूड इंग्रजी पुस्तक घेऊन आला. पुण्याच्या खोलीवरचं भूपेंद्रचं सामान मित्रांनी ललितच्या दुकानावर पाठवलं होतं, त्यातलं ते होतं. पुण्यात दर शनिवारी ही मंडळी एक खेळ खेळत, त्याचे नियम त्यात होते. त्याला ना पट, ना सोंगट्या. चार जण बसायचं, एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. माझं माणूस भिंत चढतंय, असं कुणी म्हणालं की फासा टाकायचा आणि आकडा बघून ठरवायचं, चढलं की पडलं. गोष्ट पुढच्या शतकातली असायची. आकाशापर्यंत इमारती, अर्धं शरीर यंत्राचं झालेली माणसं, आणि मानेत तार खुपसून ज्यात मनानं शिरता येतं असं एक मायावी जग. त्याला ते जाळं म्हणत.

ललित वाचून दाखवायला लागला. त्याला वाटलं, गडी तेवढाच रमेल. "आठे लिखेल शे, माणूस जाळामा ऱ्हायना की त्यानं शरीर खुर्चीमा पडेल ऱ्हास. आत झटका बसना तर शरीरना गुण कमी व्हतस."

"कितला?" भूपेंद्रनं विचारलं. किती तरी दिवसांनी त्याचा आवाज आला.

"फासामा जितला पडतीन तितला."

"आनि झटका नही बसना तर? दिवसभर नुसता पडी ऱ्हायना तर?"

ललितनं पानं उलटली. "तर काहीच नही."

"काहीच नही म्हने," भूपेंद्र म्हणाला, आणि हसला. ते हसू मला आवडलं नाही. पण नंतर तो म्हणाला, "ललित, हाऊ नियम चुकेल शे. आपण दुसरा करूत."

तो त्यानं बोलून बोलून केला, काजलनं लिहून घेतला. जाळ्यात जाणं म्हणजे बुडी. बुडी मारणाऱ्याचं शरीर बाहेर उरतं आणि ते काही करत नाही असं समजायचं नाही. ते झिजत असतं. म्हणून बाहेर एकानं राखणीला बसायचं. पाणी पाजायचं, कूस बदलायची, अंग पुसायचं. राखण असेल तर शरीर सुरक्षित. राखण नसेल तर दर फेरीला शरीरासाठी फासा टाकायचा. एक पडला तर जखम. दोन, तहान. तीन, ताप. चार, पाय आखडले. पाच पडला तर काही नाही, या वेळेपुरते वाचलात. आणि सहा पडला तर दार उघडून कुणीतरी आलं.

राखण हा शब्द त्यानं शेतातून उचलला होता.

अडचण फाशाची होती. पुण्याच्या सामानातले प्लास्टिकचे फासे बोराएवढे. भूपेंद्रच्या बोटांत एकही ठरेना. मनगटानं ढकलायला गेला की खाटेखाली. दोनदा, तीनदा ललितनं उचलून दिला. मग भूपेंद्रनं दाराकडे पाहून हाक मारली. "नाना, हाऊ फासा मन्हा हातमा ऱ्हास नही. मोठा करी देशात का?"

नाना ओट्यावर होते.  त्याच दुपारी ते शिडी लावून माळ्यावर चढले, जुन्या खाटेचा एक पाय काढला आणि ओट्यावर बसून करवतीनं त्याचं टोक कापलं. असा मी जन्मलो. पॉलिश पेपरनं घासून घासून त्यांनी मला गोलसर केलं, मग चुलीत खिळा तापवून एकेक ठिपका डागला. ते स्वतःच्या दोन्ही तळव्यांत मला धरून हलवून बघत, मग मूठ अर्धवट उघडी ठेवून बघत. भूपेंद्रचा हात कसा वळतो, याचा अंदाज घेत होते. शेवटी त्यांनी मला काजलच्या हातात दिलं. स्वतः आत आले नाहीत.

लाकडाला एका बाजूनं कीड लागलेली होती, त्यामुळे मी त्या अंगाला हलका झालो. ललितच्या लगेच ध्यानात आलं. "नाना, फासा वाकडा शे. सारखा एकच पडस."

"कीड लागेल व्हती. दुसरा करी देस," नाना बाहेरून म्हणाले.

"नको नाना," भूपेंद्र म्हणाला. "शरीरबी असंच ऱ्हास."

खेळ सुरू झाला. गोष्ट सांगायचं काम भूपेंद्रचं. त्यानं तापीकाठचं सारंगखेडाच पुढच्या शतकात नेऊन ठेवलं. यात्रेत लोखंडी घोडे विकायला यायचे, त्यांच्या डोळ्यांत दिवे लागायचे. पुलाच्या दोन्ही अंगांना इमारती इतक्या उंच की नदीला दिवसा ऊन दिसेना. तो बोलायला लागला की घर ऐकत बसे. दगूबाई मिरचीची देठं खुडत खुडत मधेच विचारी, "त्या लोखंडना घोडाले चारा काय टाकतस?" आणि भूपेंद्र तिला गंभीरपणे सांगे.

ललितचं माणूस चोर होतं. जाळ्यात बुडी मारून तिजोऱ्या फोडायचं. काजलचं माणूस बाहेर राखणीला बसायचं. हे कुणी ठरवलं नव्हतं. पहिल्या रविवारी ललित म्हणाला, "मी जास आत, तू बठ," आणि ती बसली. दुसऱ्या रविवारीही बसली. तिच्या पाळीला भूपेंद्र विचारी, "काजल, तू काय करस?" आणि ती म्हणे, "पाणी पाजस. कूस बदलस." तेवढ्यात तिची पाळी संपायची. तिजोऱ्यांचं प्लास्टिकचे फासे ठरवत, मी फक्त शरीरासाठी; राखण होती म्हणून मला फार वेळा टाकावं लागत नसे. मी भूपेंद्रच्या उशीशेजारी पडून असायचो आणि तिचा चेहरा बघायचो. खेळ थांबवून ती उठे, खऱ्या भूपेंद्रची कूस बदले, पायांमध्ये उशी ठेवी, आणि परत येऊन बसे. खेळात आणि घरात तिचं काम एकच होतं. हे बाकी दोघांच्या लक्षात आलं नव्हतं. तिच्या आलं असावं.

उन्हाळा लागला. पत्रे तापले. एका रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर तिघे बसले. ललितनं सांगितलं की आज तो सगळ्यात मोठ्या तिजोरीसाठी बुडी मारणार.

"मी बी," काजल म्हणाली.

"मंग राखण कोन बठी?"

"तू बठ."

"मी बठसू तर तिजोरी कोन फोडी?"

"मंग कोनी नको बठाले," काजल म्हणाली. "फासा टाक दादा."

भूपेंद्रनं तिच्याकडे पाहिलं. मग मला दोन्ही तळव्यांच्या मधे धरून चादरीवर टाकलं. ललितच्या शरीरासाठी दोन पडले. काजलच्या शरीरासाठी एक.

"ललित, तुले तहान लागनी. काजल, तुन्हा पाठवर लाल डाग पडना."

पुढच्या फेरीला ललितला पाच पडले. काजलला पुन्हा एक. मला वळता आलं असतं तर मी वळलो असतो. पण टाकणाऱ्याचा हात आणि आतली कीड, एवढ्यावरच माझं पडणं ठरतं. माझ्या इच्छेला तिथं कुणी विचारत नाही.

"डाग फुटना," भूपेंद्र म्हणाला. "काजल, बाहेर ये."

"नही येस."

"आखो एक पडना तर हाडले लागी. मरशी."

"मरू दे."

दगूबाईचे हात मिरचीच्या टोपलीत थांबले. खेळातलंच बोलणं होतं ते, तरी खोलीत पंपाच्या घरघरीशिवाय काही ऐकू येईना.  मग भूपेंद्रनं गोष्ट सांगणाऱ्याच्या आवाजात विचारलं, "आत काय करी ऱ्हायनी तू?"

"काम."

"कोनतं काम?"

"एक लॅब शे. पांढरा कोट घालीसन जानं पडस. सकाळमा मशीन चालू करनं, गोळ्या तपासन्या. दुपारले कँटीनमा चार पोरी बठीसन जेवतस. खिडकीमाईन झाडं दिखतस." ती थांबली. "तठे माले कोनीच हाक मारत नही."

"इतलं नीट तुले कसं मालूम?"

काजलनं मान खाली घातली. "दखी उनू मी. अंकलेश्वरले, औषधनी कंपनीमा. शहादाले मैत्रीणनं लगन शे सांगीसन गऊ ना, ते लगन नव्हतं. त्यास्नी इंटरव्ह्यू लिधा. ये सांगेल शे."

"आनि तू आमले सांगं नही?"

"सांगीसन काय करतू दादा? तू जा म्हनता. मंग? माय एकटी किती दिवस उचली तुले? तिनी कंबर दख." तिचा आवाज चढला नाही. त्यामुळेच ते ऐकवत नव्हतं. "तू आठे पडेल शे ते सगळास्ले दिखस. मी बी आठेच शे."

 भूपेंद्रच्या छातीचा वरचा भाग तेवढा हलत होता. तिची चावी, तिचं जेलर होणं, सगळं त्याला त्या क्षणी उलटं दिसलं असावं. कुलूप आतून लागलं होतं आणि ती त्याच कोठडीत होती.

तेवढ्यात दारात सावली पडली. नाना आत आले होते. ओट्यावर बसून त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते खाटेपासून दोन हातांवर उभे राहिले आणि खेळातल्या माणसाशी बोलावं तसं काजलला म्हणाले, "तू तठेच ऱ्हाय बेटा. बाहेर नको येऊ. आठे राखणले मी बठस."

 भूपेंद्र म्हणाला, "नाना, राखणदारले सांगनं पडस. शरीरनं काय करस ते."

"पाणी पाजस."

"आखो?"

"कूस बदलस."

"कशी?"

 कशी ते नानांना माहीत नव्हतं. मुलगा जन्मल्यापासून त्यांनी त्याला खांद्यावर घेतलं होतं, बैलगाडीत बसवलं होतं, तापीत पोहायला शिकवलं होतं. आता हात कुठं लावायचा ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांचे तळवे धोतरावर पुसले जात होते, पुन्हा पुन्हा.

"आधी उशी काढा नाना," काजल हळूच म्हणाली. ती जागची उठली नाही. "आते गुडघा वाकाडा. एक हात खांदाले, एक कमरले. तुमनाकडे ओढा. जोरमा नको."

नानांनी ओढलं. भूपेंद्र कुशीवर आला. सदरा वर सरकला आणि नानांनी डोळे मिटून घेतले. त्यांच्या मनात ती जखम अजून उघडीच होती. इतके महिने त्या पाठीत त्यांना ते हाडच दिसत होतं.

"नाना, तठे माले काही समजत नही," भूपेंद्र भिंतीकडे तोंड करून म्हणाला. "तुम्ही सांगा, कशी शे."

नानांनी डोळे उघडले. मग बोटं टेकवली. चांगल्या दोन तळव्यांएवढा तो भाग, कातडी जाडसर, शिवणीच्या रेषा. त्यांनी तो सगळा चाचपला, जमिनीतली ओल बघतात तसा, बोटं न उचलता.

"भरी गयी," ते म्हणाले. "गरम नही शे. कोरडी शे." आणि मग बऱ्याच वेळानं, "चांगली शे रे भाऊ."

ललित मोबाइल बघण्याचं निमित्त करून ओट्यावर गेला.

काजल त्या महिन्याच्या शेवटी गेली. निघताना तिनं गळ्यातला दोरा काढून चावी नानांच्या हातात दिली. भूपेंद्र म्हणाला, "आते जेलर बदलना." ती हसली, आणि बस येईपर्यंत रडत राहिली, असं दगूबाईनं नंतर सांगितलं.

नाना लगेच तरबेज झाले असं समजू नका. त्यांनी एकदा लघवीची नळी ओढली, एकदा उशी विसरले, एकदा भूपेंद्रचा हात त्याच्याच अंगाखाली अडकवला. बापलेकांत भांडणंही होत. पण पाळी चुकली नाही. हेडसेट कपाटातून बाहेर आला, मात्र राखणीच्या नियमानं. नाना शेजारी बसलेले असतील तरच बुडी. ते विचारत, "आज कोठे शे?" भूपेंद्र सांगे, बर्फात, जंगलात, जहाजावर. मग ते म्हणत, "हां, ऱ्हाय. येळ झाया की हाक मारस." आणि ते हाक मारत. तो बहुतेक वेळा लगेच येई. कधी कधी येत नसे, तेव्हा ते विचारत न बसता त्याला तसाच वळवत.

जुन्या खाटेची नवार त्यांनी लोखंडी खाटेच्या कडेच्या कठड्याला बांधली आणि तिला मनगट अडकेल अशी कडी केली. फिजिओथेरपीवाल्यानं सांगितलं होतं, हातांत जोर आहे, सराव केला तर अर्धीमुर्धी कूस त्याची त्याला घेता येईल. रोज सकाळी नाना म्हणत, ओढ. रोज तो ओढे आणि खांद्यापलीकडे जात नसे. मग त्याची चिडचिड होई.

रविवारचा खेळ चालू राहिला. काजल फोनवरून असते. ती आता राखणीला बसत नाही, ती जाळ्यातल्या सगळ्यात उंच इमारतीवर राहते आणि ललितच्या आधी तिजोऱ्या फोडते. राखणीला नाना. त्यामुळे मला टाकायची वेळ आली नाही. मी उशीशेजारी पडून राहिलो.

परवाची गोष्ट. दगूबाई धानोऱ्याला एका घरी दुखवट्याला गेली होती. बागेत पपई भरायला ट्रक आला. भूपेंद्रला डोंगरावर जायचं होतं, त्यानं हट्ट धरला. नानांनी हेडसेट लावून दिला, म्हणाले, "आत्तेच येस," आणि गेले. नियम मोडला, दोघांनी मिळून. ट्रकचं चाक बागेतल्या पाण्याच्या चारीत रुतलं. नाना येईनात.

मग वीज गेली. पंपाची घरघर थांबली. मी गादीवर होतो, मला आधी कळलं. गादी हळूहळू बसायला लागली, खालची लोखंडी पट्टी वर यायला लागली. भूपेंद्र आत होता. हेडसेट बॅटरीवर चालतो, त्याचा डोंगर चालूच होता. त्याला पट्टी टोचत नव्हती.

पण घरघर थांबली हे त्याला ऐकू आलं. तो म्हणाला, "नाना?" उत्तर आलं नाही. पुन्हा म्हणाला.  मी पाहत होतो. त्याला तिथं चालता येत होतं, इथं काहीच येत नव्हतं. कुणी त्याला बाहेर ये म्हणणारं नव्हतं.

त्यानं मनगट हेडसेटखाली घातलं आणि वर लोटलं. तो कपाळावर अडकला. दुसऱ्या मनगटानं रेटला, तेव्हा कुठं सुटला. घामानं त्याचा चेहरा निथळत होता. त्यानं नवारीच्या कडीत हात घालायचा प्रयत्न केला, हुकला, परत घातला. मग ओढायला लागला. दात आवळून, तोंडानं काही तरी शिव्या देत. खांदा उचलला. पाठ उचलली. तो थांबला, श्वास घेतला, आणि पुन्हा ओढलं. कंबर चादरीला घासत सरकली आणि त्या सरकण्यात त्याच्या कोपराचा धक्का मला बसला. मी काठावरून खाली पडलो, दोन गिरक्या घेतल्या आणि खाटेखाली भिंतीपर्यंत गेलो.

वर काय झालं ते मला दिसलं नाही. नुसता त्याचा श्वास ऐकू येत होता, एकसारखा, कष्टाचा.

मग नानांची पावलं धावत आली. चिखलानं भरलेल्या टाचा खाटेजवळ थांबल्या.

"कोन ऊना व्हता?" नानांनी विचारलं. "कोनी वळाडं तुले?"

"कोनीच नही."

टाचा हलल्या नाहीत. मग नाना खाटेच्या काठावर बसले, इतक्या जोरानं की पट्ट्या करकरल्या.

"हात सोडी देऊ का नाना? दुखी ऱ्हायना."

"सोड. मी धरं शे."

मी अजून इथंच आहे, खाटेखाली, धुळीत. माझा कुठला आकडा वर आहे ते कुणी पाहिलेलं नाही. नव्या फाशासाठी नाना लाकूड शोधतील असं वाटत नाही. त्यांच्याकडे वेळ नाही. मला इथून नवारीचं लोंबतं टोक दिसतं आणि माणसांचे पाय दिसतात, येणारे आणि जाणारे. भूपेंद्र अजून त्याच खाटेवर आहे. बरा होणार नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. रोज दुपारी तो छताकडे बघतो, आणि खोली त्याला तेवढीच लहान वाटत असणार.

तुमच्या घरी कुणी असं पडून असेल तर एवढं करा. तो डोळे मिटून, चष्मा लावून किंवा नुसता भिंतीकडे बघत कुठं तरी निघून गेलेला असेल. त्याला जाऊ द्या. कुठं आहेस ते विचारा. आणि त्याच्या शेजारी जी बसलेली असते, तिलाही कधी तरी विचारा.

वर पंपाची घरघर चालू आहे. नानांच्या टाचा आल्या.

"भाऊ, कूस."

"हां नाना. आधी मी ओढस."